आंबा उघडेपर्यंत

तुकूम, चंद्रपूर
१४ नोव्हेंबर २०२४

दादा, जोहार.

फोन तू उचलत नाईस, म्हणून पोस्टाचं तिकीट लावून बोलून राह्यली. फोन कापता येते, चिठ्ठी कापता येत नाई. फाडाची असन तर फाड, पण आधी वाच.

आज आपलं हॉटेल बंद झालं. ‘आपलं’ म्हणून राह्यली, हसू नोको. गाळा एकाचा, धंदा दुसऱ्याचा, मी फक्त चुलीपाशी उभी राहणारी बाई. पण नवरा गेल्यावर कुरखेड्याहून मी इथी आली ते या एकाच गाळ्यात. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत इथी चार हॉटेलं आली न गेली. शटर तेच, मोरी तीच, सुकरी तीच. नवा मालक येते, पंखे पाहते, ओटा पाहते, आणि घरमालक त्याले सांगते, "ही बाई गाळ्यासोबतच आहे." पंख्यावाणी मी बी सामानात!

पहिलं गुणवंतरावचं सावजी भोजनालय. ते तुले माहीत आहे, तू जेवला आहेस तिथी. ते जाऊ दे. मंग बल्लारपूरचे दोघं भाऊ आले, चायनीज घेऊन. लाल कंदील काय टांगले, छतावर कागदाचा साप काय सोडला! चार महिन्यांत साप लोंबकळला न भाऊ गेले. मंग बिर्याणी. मंग सिरोंच्याकडचा अण्णा डोसा घेऊन आला. हा अण्णा रोज पीठ भिजवताना पिठासोबत तेलुगूत बोले. मी म्हटलं, ते ऐकते काय? तर म्हणे, ऐकते, म्हणून तर फुगते. आज त्यानं तवा पोत्यात गुंडाळला न निघून गेला.

दादा, मले या शहराचं लय नवल वाटते. हॉटेल उघडते तवा फुग्यांची कमान लागते, बँडवाले येते, अख्खं तुकूम रांगेत उभं राहते. मी पहिल्यांदा पाहिलं तवा मले वाटलं कोणाचं लगन आहे. आणि बंद होते तवा कोणी येत नाई. मालक एकटाच स्टुलावर चढते न पाटी काढते. गुणवंतरावनं शेवटच्या दिवशी स्वतः मटण रांधलं, मले खुर्चीवर बसवून वाढलं, आणि मंग कढई स्वतः घासली. मी म्हटलं, ठेवा न, मी घासतो. तर म्हणे, नाई सुकरीबाई, उघडली मी होती. मले त्या दिवशी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मागच्या वर्षी तू फोनवर म्हणाला होतास, "पंडुमले येत नाईस, तर फोन बी करू नोको." तीन वर्षं मी सणाले आली नाई, खरं आहे. सुट्टी भेटत नाई असं सांगत होती. सुट्टी भेटत होती, दादा. दुसरं कारण होतं. पण ते आज नाई.

चिठ्ठी परत आली नाई तर समजीन पोचली.

सुकरी


तुकूम
५ जानेवारी २०२५

दादा, जोहार.

चिठ्ठी परत आली नाई. म्हणजे घरात कुठी तरी आहे. छपरात खोचली असली तरी चालन.

शटर पुन्हा वर गेलं! या वेळी मालक नाई, मालकीण. निशा नाव, कोरपन्याची. बाप सिमेंटच्या फॅक्टरीत होता, घरी थोडा कापूस. नागपूरले हॉटेलाचं शिक्षण घेऊन आली आहे. बापा, रांधाचं बी शिक्षण असते! चार वर्षं शिकली पोट्टी, आणि पहिल्याच दिवशी मले म्हणे, "मावशी, मले काई येत नाई, तुम्ही शिकवा."

तिले रानातलं जेवण विकाचं आहे. आपलं, दादा! मोहफुलाची भाकर, आंबाडी, कुड्याच्या फुलाची भाजी. मी तिले म्हटलं, बाई, हे तर आम्ही भाजी घ्याले पैसे नसते तवा खातो, याले कोण येईन? ती हसली. म्हणे, पाहाच तुम्ही. दोन दिवसांनी मोहफुलाची भाकर करून चार जणांले चाखाले दिली. एकानं भाकर हातात घेतली, आधी फोनपुढं धरली, इकडून तिकडून फोटो काढले, मंग घास घेतला. सगळेच इथी असं करते. मले आधी वाटे, हे बी आपल्यासारखेच, खायच्या आधी देवाले दाखवून राह्यले. खाल्लं न दुसरा तुकडा तोडला. मंग म्हणे, "माझी आजी असं करे." डोळ्यांत पाणी त्याच्या. एवढ्या मोठ्या चारचाकीतून आलेला माणूस! मी आतमध्ये जाऊन भांडे उगीच इकडचे तिकडे केले.

उद्घाटन गुढीपाडव्याले धरलं आहे, तीस मार्चले. आणि निशाच्या डोस्क्यात एकच बसलं आहे: कच्च्या आंब्याची पाट्यावरची चटणी, तुमच्या गावच्या आंब्याची. मी म्हटलं, पाडव्याले आमचा आंबा बंद असते. तिले वाटलं, झाडाले कुलूप लावते का काय! मंग मी समजावून सांगतलं. आंबा झाडाले लागला म्हणून खाचा नसते. आधी मरका पंडुम, आंब्याचा सण. भूम्या, म्हणजे गावचा पुजारी, धरतीले, गावदेवाले पहिला आंबा देते, सगळे एका जागी बसते, भूम्या पहिला घास घेते, मंग गाव खाते. त्याच्या आधी पोट्टे बी झाडाखालचा आंबा उचलत नाई. आमच्याकडे म्हणते, आंबा उघडला. आणि आमच्या गावचा भूम्या माझा दादा आहे, झिंगू. तीस वर्षं तोच उघडते.

निशा पाहतच राह्यली. म्हणे, "मावशी, म्हणजे तुमचे दादा अख्ख्या गावाचं उद्घाटन करते?"

हो, म्हटलं. फुग्यांशिवाय.

एवढं बोलली न चूल पेटवाले उठली.

सुकरी


तुकूम
१८ फेब्रुवारी २०२५

दादा,

माझा फोटो लावला आहे! हॉटेलावर! माझ्यापेक्षा उंच. डोक्यावर पदर, हातात सूप, आणि खाली लिहिलं आहे, ‘सुकरी मावशीचं रान’. बसस्टॉपवरून दिसते. काल भाजी घेऊन येताना मीच मले पाहिलं न पिशवी हातातून पडली. रिक्षावाला हासून म्हणे, "मावशी, तुमची जुळी बहीण आहे काय?" मी म्हटलं, नाई बाबा, ती चांगली आहे, मी दुसरी.

रिक्षावाल्याले वाटलं मी मस्करी केली.

काल एक गोठ झाली, ती सांगतो. बाजारात परवाच कैरी आली, तेलंगणातली. इथी आंबा कोणाची वाट पाहत नाई, ट्रक येते न उघडते. निशा म्हणे, गावचा येईपर्यंत यावरच चटणी करून पाहू. मी पाटा धुतला, कैरी ठेचली, लसूण, मिरची, मीठ, थोडा गूळ. तिनं बोट लावलं न डोळे मिटले. म्हणे, "मावशी, मीठ जरासं कमी आहे काय? पाहा न."

मी म्हटलं, वासानं समजते. ठीक आहे.

म्हणे, पाहा तर.

मी म्हटलं, ठीक आहे म्हटलं न एकदा!

लय जोरात बोलली मी. पोट्टी दचकली. मंग हळूच म्हणे, "मावशी, मी तुमची सगळी भाजी पाहिली, तुम्ही प्रत्येक गोष्ट चाखता. दोन दिवस झाले, आंब्याले तुम्ही जीभ लावली नाई. आजच नाई, कालच्या पन्ह्याले बी नाई."

मी म्हटलं, मोरी तुंबली आहे, पाहून येतो. मोरी काई तुंबली नव्हती.

तीन वर्षं झाली, दादा. मी आंबा खाल्ला नाई. लोणचं नाई, आंबोशी नाई, पिकला तर दूरच राह्यला. जिचा फोटो लावून हे शहर रानाचं जेवाले येणार आहे, तिच्या तोंडात आंबा जात नाई. काऊन, ते पुढच्या चिठ्ठीत लिहीन. हिंमत झाली तर.

सुकरी


तुकूम
९ मार्च २०२५

दादा,

ही चिठ्ठी एकटाच वाच. करिश्माले वाचाले देऊ नोको. तुझी लेक असली तरी काई गोष्टी लेकीनं वाचाच्या नसते.

तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आठव. मार्च महिना, दोन हजार बावीस. दवाखान्यातून तुले मी रिक्षात घालून गुणवंतरावच्या हॉटेलात आणलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मले किती मिरवाचं होतं! माझा दादा, गावचा भूम्या, माझ्या हातचं जेवाले आला. समोरच्या टेबलावर बसवलं. गुणवंतराव स्वतः पाणी घेऊन आला. गिऱ्हाईक पाहून राह्यले. मी तुले डाळ-भात वाढला.

त्या डाळीत कैरी होती.

मी मुद्दाम नाई टाकली, दादा. सकाळी टोपली आली, मी चिरली, टाकली. हातानं टाकली, डोस्क्यानं नाई. आठ-नऊ वर्षं शहरात राहून माझ्या हाताले पंडुम आठवतच नव्हता. तू दुसऱ्या घासाले थांबलास. मले म्हणालास, "सुकरी, यात काय आहे?"

तवा आठवलं. सगळे पाहून राह्यले होते. आणि मी म्हटलं, "चिंच, दादा."

तू त्या एका डोळ्यानं मले पाहिलंस. मंग खाली मान घालून सगळं जेवलास, ताट बोटानं पुसून काढलंस. उठताना म्हणालास, "चिंच चांगली आहे तुमच्या शहरात." आणि बारा दिवसांनी गावात मरका पंडुम होता.

म्हणजे मी तुझं तोंड बाटवलं, आणि तुले न सांगता बाटवलं. तू तसाच उभा राह्यला असशीन धरतीपुढं, पहिला आंबा हातात घेऊन, तुले काईच माहीत नाई. त्याच वर्षी गारा पडल्या. आपल्याकडचं मोहफूल गेलं, आंबा गेला, हे मी पेपरात वाचलं. मले कोणी सांगाची गरज नव्हती, कोणामुळं झालं ते.

मंग मी कोणत्या तोंडानं पंडुमले येणार होती? तू पान मांडणार, मी खाणार, आणि मले माहीत, तुले माहीत नाई. गावातून फोन आला तर ‘सुट्टी नाई’ एवढंच म्हणून मी कापत होती. माझ्या तोंडून निघून जाईन अशी भीती वाटे. खोटं मी एकच बोलली, पण ते तीन वर्षं रांधून राह्यली.

आता सांगून टाकलं. तू मले शिव्या दे, बोल, पंचात उभं कर. फक्त गप्प राहू नोको.

तुझी, मानशीन तर,
सुकरी


मु. पो. आपलं गाव, ता. कुरखेडा
२४ मार्च २०२५

सुकरी,

मी चवथीपर्यंतच शिकलो, तू सातवी. चुका पाहू नोको. ही चिठ्ठी माझ्या हातानं लिहून राह्यलो, करिश्माले माहीत नाई. चार दिवस लागले.

तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या भेटल्या. बियाण्याच्या डोलीत, झाकण लावून ठेवल्या आहे. छपरात उंदीर खाते.

मले पहिल्या घासालेच समजलं होतं. दुसरा घास पक्कं कराले घेतला. तीस वर्षं आंबा उघडून राह्यलो मी, आंबा न चिंच समजत नाई काय मले? पट्टी डोळ्यावर होती, पोरी, जिभेवर नव्हती.

थुंकलो असतो तर तुझ्या मालकापुढं, त्या सगळ्या लोकांपुढं तुझी इज्जत गेली असती. तू चुलीपाशी उभी होतीस, हातात पळी धरून. तुझा चेहरा पाहिला मी. लहानपणी माय मारायच्या आधी करत होतीस तसा. म्हणून जेवलो. आणि खोटं कशाले बोलू, डाळ चांगली होती.

तू म्हणते मी तसाच धरतीपुढं उभा राह्यलो. नाई राह्यलो. गावी आलो, सगळ्यांले झाडाखाली बसवलं न सांगतलं, माझ्या तोंडात आंबा गेला आहे, मी उघडू शकत नाई. त्यांनी विचारलं, कोणी चारला? मी म्हटलं, कोणी नाई, भूक लागली होती, मीच मागून खाल्ला. केसरबाई म्हातारी मले म्हणे, "झिंगू, तू एवढा हावरा कधीपासून झाला?" सगळे हसले. मी बी हसलो.

तवापासून माझ्या जागी भाऊबंदातला लटारू उघडते. चांगला उघडते, जरा घाई करते. मी शेवटी जेवतो, पोट्टे जेवल्यावर.

गारांचं म्हणशीन तर त्या चार तालुक्यांत पडल्या. तू काय चार तालुक्यांले डाळ वाढली होती? उगीच आपल्याले मोठी समजू नोको.

आता खरी गोठ. आपल्या गावची रीत तू विसरली काय? ज्याच्या हातून तोंड बाटलं, त्याच्या हातचा मूठभर तांदूळ पंडुमच्या हांडीत पडला की तोंड मोकळं होते. बाहेर दिलेल्या पोरी दर वर्षी पंडुमले येताना ओटीत तांदूळ आणतेच. तू फक्त आली असती, सगळ्यांसारखी, तर तुझा तांदूळ हांडीत पडला असता न कोणाले काई समजलं नसतं. मी पहिल्या वर्षी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी बी. बोलावता येत नव्हतं. मी ‘तांदूळ घेऊन ये’ म्हटलं असतं तर लोकांनी ओळखलं असतं, न तुझं नाव झालं असतं. तुझं तुलेच यावं लागत होतं. तू सुट्टी नाई म्हणत राह्यली. म्हणून रागावलो होतो. आंब्यासाठी नाई.

पंडुम सात एप्रिलले आहे, सोमवारी. चष्मा लागला मले, आता दोन्ही डोळ्यांनी दिसते.

झिंगू


एसटीत, वडसा सोडल्यावर
६ एप्रिल २०२५

दादा,

ही चिठ्ठी पोस्टात टाकणार नाई. माझ्याच हातानं आणून देईन. गाडीत हात हलते, अक्षर वाकडं आहे. तोंडानं सांगाले बसली तर रडणं येईन, म्हणून लिहून राह्यली.

तुझी चिठ्ठी आली तवा मी पीठ मळून राह्यली होती. वाचली न तशीच उभी राह्यली, हाताले पीठ सुकून गेलं. तीन वर्षं मी समजत होती की ओझं मी वाहून राह्यली. आणि तू तिकडं पोट्ट्यांनंतर जेवून राह्यला होतास! गावापुढं हावरा होऊन! दादा, इथी मी मोठमोठे लोक पाहिले, रिबीन कापणारे, भाषण करणारे, पण एवढा मोठा माणूस मी कुठीच पाहिला नाई. आणि तो माझ्या घरचा, आणि मी त्याच्यासोबत फोनवर बोलाले भ्याली.

निशाले सगळं सांगतलं. घाबरतच सांगतलं, कारण तिनं छापलेल्या कागदावर सगळ्यांत वरती आंब्याची चटणी लिहिली होती. तिनं तो कागद हातात घेऊन पाहिला. मंग उठली, ट्रकवाल्याले फोन करून कैरीची ऑर्डर रद्द केली, आणि दारातल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलं: ‘आंब्याची चटणी: गावात आंबा उघडल्यावर.’

मले वाटलं, झालं, हे पाचवं हॉटेल बी गेलं. पाडव्याले फुगे लागले, लोक आले, कमानीखालून मान वाकवून आत शिरले. मोहफुलाची भाकर खाल्ली, आंबाडी खाल्ली, कढई दोनदा भरावी लागली. आणि जो तो फळा वाचून विचारे, हे काय आहे? निशा सांगे. मी पडद्याआडून ऐकत होती. आता हसतीन, म्हटलं. कोणी हसलं नाई, दादा. एक म्हातारे मास्तर होते, ते म्हणाले, "मंग आम्ही थांबतो न."

आणि खरंच थांबले! रोज कोणी तरी दारातून डोकावते न विचारते, "उघडला काय?" भाजीवाली विचारते. तो रिक्षावाला विचारते. बाजारात कैरीचे ढीग लागले आहे, पाहिजे त्याले पाहिजे तेवढी भेटते, तरी हे लोक माझ्या दादाच्या आंब्यासाठी खोळंबले. अकरा वर्षं मी या शहरात हॉटेलं उघडताना पाहिली, बंद होताना पाहिली. आंबा उघडाची वाट पाहणारं शहर पहिल्यांदा पाहून राह्यली.

आज निघताना शटर मीच खाली ओढलं. निशानं त्यावर कागद चिकटवला, ‘दोन दिवस बंद. मावशी आंबा उघडाले गावाले गेल्या.’ मी तिले म्हटलं, मी नाई उघडत, दादा उघडते. तिनं पेन काढला न कागदावर दुरुस्त केलं.

माझ्या ओटीत चार मुठी तांदूळ आहे. तीन चुकलेल्या वर्षांच्या, एक या वर्षाची. बाया विचारतीन, सुकरे, एवढे काऊन आणले? तू मधात बोलू नोको. माझं नाव तू तीन वर्षं झाकलं, आता मी उघडून सांगतो. केसरबाईपुढं, लटारूपुढं, पोट्ट्यांपुढं. माझा दादा हावरा नव्हता, त्यानं मागितला नव्हता, मी चारला, आणि वरून चिंच म्हणून सांगतलं. सगळं सांगीन न मंग तांदूळ टाकीन हांडीत.

आणि मंग तू पहिला घास घे. घाई करू नोको, लटारूसारखी. मी बसली आहो तिथीच, सगळ्यांत शेवटी. तीन वर्षांची भूक आहे, दादा. लवकर वाढ.